भूक नीतिमत्त्वाची की न्यायाची? मराठी बायबलमधील एका शब्दाचा उपदेशावर झालेला परिणाम

मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात येशू काही लोकांना धन्य म्हणतो. त्यांतल्या चौथ्या वचनात (५:६) भुकेल्या-तान्हेल्यांचा उल्लेख आहे. ही भूक कशाची, याचे उत्तर मात्र आपण कोणत्या भाषेतले बायबल वाचतो यावर ठरते. स्पॅनिश वाचकाला तिथे 'हुस्तीसिया' हा शब्द भेटतो, फ्रेंच वाचकाला 'जुस्तीस'. दोन्ही भाषांत हाच शब्द कोर्टकचेरीत आणि मोर्च्याच्या फलकावरही असतो. इंग्रजी वाचकाला 'रायचसनेस' मिळतो, जो चर्चच्या बाहेर सहसा कोणी उच्चारत नाही. आणि मराठी वाचकाला, निदान प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पिढ्यान् पिढ्या वाचल्या जाणाऱ्या बायबल सोसायटीच्या आवृत्तीत, 'नीतिमत्त्व' मिळते.

मूळ ग्रीक शब्द एकच आहे, 'दिकायोसीने'. तो मराठीत येताना 'नीती'च्या वाटेने आला, 'न्याया'च्या वाटेने आला नाही. या निवडीने मराठी ख्रिस्ती उपदेशाला एक विशिष्ट वळण दिले, असे माझे म्हणणे आहे. त्याची तपासणी या लेखात करायची आहे.

या विषयातला माझा अधिकार पदवीचा नाही. मी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका मंडळीत वाढलो, आणि पुढे छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करता करता जुन्या बायबल आवृत्त्या जमवत गेलो. रद्दीच्या दुकानांत त्या पुष्कळ मिळतात; म्हातारे माणूस गेले की त्याचे बायबल आधी बाहेर पडते. ग्रीक लिपी चाळिशीत शिकलो, शब्दकोश शेजारी ठेवून. हिब्रू अजून ओळीवर बोट ठेवूनच वाचतो. आणि रविवारचे उपदेश वहीत टिपून ठेवण्याची सवय बरीच वर्षे आहे. पुढची विधाने या शिदोरीवर बेतलेली आहेत.

आधी शब्दाचा पल्ला पाहू. 'दिकायोसीने'च्या पाठीमागे हिब्रू 'त्सेदाका' उभा आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ज्यूंच्या शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा 'त्सेदाका'साठी बहुतेक ठिकाणी हाच ग्रीक शब्द वापरला गेला, काही ठिकाणी मात्र 'दया' किंवा 'दान' या अर्थाचा. पुढच्या ज्यू परंपरेत 'त्सेदाका' म्हणजे गरिबाला दिलेले दान असा अर्थ पक्का झाला. म्हणजे या एका शब्दात सरळ वागणूक आहे, ज्याचे त्याला मिळणे आहे, दुबळ्याची बाजू घेणे आहे आणि हातातला पैसा सोडणेही आहे. चार अर्थ वेगळे काढता येतात, पण शब्द त्यांना एकत्र धरतो.

मराठीत असा शब्द आहे का? आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. 'धर्म'. 'धर्माने वाग' यात आचरण आहे, 'धर्माचा कौल' यात निवाडा आहे, 'दानधर्म' आणि 'धर्मादाय' यांत दान आहे. दारावरचा भिकारी 'धर्म करा माय' म्हणतो तेव्हा तो हिब्रू संदेष्ट्यांचाच शब्द नकळत उच्चारत असतो. मराठी भाषांतरकारांना हे जाणवले नसेल असे नाही. रूढ आवृत्तीत मत्तय ६:१ मध्ये त्याच ग्रीक शब्दासाठी 'धर्माचरण' आले आहे आणि लगेच पुढच्या वचनात 'दानधर्म'. गंमत म्हणजे या ६:१ मध्ये जुन्या ग्रीक हस्तलिखितांतच दोन पाठ आहेत, काहींत 'दिकायोसीने' तर काहींत 'दान' या अर्थाचा शब्द. नकलाकारांनाही या दोन अर्थांमधली भिंत पातळ वाटत होती, हे त्यावरून दिसते. एकाच प्रवचनात ५:६, ५:१० आणि ५:२० येथे 'नीतिमत्त्व' आणि ६:१ ला 'धर्माचरण' अशी विभागणी झाल्यामुळे मराठी श्रोत्याला हा एकच धागा आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

'धर्म' सरसकट वापरणे एकोणिसाव्या शतकात अवघड होते हे मान्य करायला हवे. मिशनऱ्यांना तो शब्द हिंदू शास्त्रांच्या ताब्यातला वाटत होता, आणि त्याच काळात तो 'रिलिजन' या नव्या अर्थाने आक्रसत चालला होता. हिंदू धर्म, ख्रिस्ती धर्म, अमुक धर्म असे म्हणू लागल्यावर 'धर्माची भूक' म्हणजे पंथ बदलण्याची भूक असे कोणी ऐकले असते. मग 'न्याय' का नाही? इथे मला इंग्रजी कानाचा प्रभाव दिसतो.

मराठी बायबलचा पहिला छापील टप्पा बंगालमध्ये आहे. सेरामपूरच्या विल्यम केरीने फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैद्यनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मत्तयचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ती भाषा परकी वाटली. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या गॉर्डन हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते काम बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली, आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये छापून झाला. ही माणसे ग्रीक जाणत होती. पण माणूस भाषांतर करताना डोळ्यांनी एक भाषा वाचतो आणि त्याच्या कानात दुसरीच वाजत असते. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांच्या कानात लहानपणापासून १६११ चे इंग्रजी बायबल होते. इंग्रजीने हा शब्द आधीच दोन खोल्यांत विभागला होता: 'जस्टिस' राजाच्या दरबारात, 'रायचसनेस' देवाच्या. मराठीत 'न्याय' हा शब्द दरबाराचा म्हणून बाजूला राहिला आणि देवासाठी दुसरा शोधावा लागला.

तो शोधायला फार लांब जावे लागले नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा; त्याच्या कामात कँडी बंधू होते, आणि त्यांतले थॉमस कँडी पुढे शालेय पुस्तकांच्या मराठीवर वर्षानुवर्षे पहारा देत बसले. त्या पुस्तकांत मुलांना खोटे बोलू नये, चोरी करू नये, वडिलांची आज्ञा पाळावी असे शिकवले जाई, आणि या सगळ्याचे नाव होते 'नीती'. सरकारी शाळा, मिशनची शाळा आणि सुधारकांचे निबंध या तिन्ही ठिकाणी 'नीती' हा त्या काळाचा आवडता शब्द होता. बायबलमध्ये तो आला तो शाळेचा वास घेऊन. आज दोनशे वर्षांनंतरही मला तो उपदेशात येतो: हात मागे बांधून उभा असलेला मास्तर आणि समोर रांगेत बसलेली मंडळी.

एका शब्दाला इतके महत्त्व देणे कोणाला अतिरेक वाटेल. त्या काळच्या मिशनऱ्यांना तो वाटत नव्हता. 'बाप्तिस्मा' या शब्दावरून झालेला वाद पाहावा. कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी बंगाली नव्या करारात या ग्रीक शब्दाचा 'बुडवणे' असा सरळ अर्थ दिला. डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या इतर पंथांना ते मान्य होणे शक्य नव्हते. लंडनच्या बायबल सोसायटीने पैसे देण्याचे नाकारले, अमेरिकेत १८३६ मध्ये याच कारणावरून सोसायटी फुटून दुसरी उभी राहिली, आणि १८४० मध्ये इंग्लंडच्या बॅप्टिस्टांनी भाषांतरासाठी स्वतंत्र संस्था काढली. मराठीत ग्रीक शब्दच देवनागरी कपडे घालून आला, म्हणून आपल्याकडे तो तंटा वाचला. बाप्तिस्मा म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या पंथाने सांगावे! कॅथलिक लेखनात 'स्नानसंस्कार' हा शब्दही वापरला जातो. त्यात पाणी आहे, पण किती, हे सांगितलेले नाही. पाण्याच्या मापावरून संस्था फुटल्या, आणि न्यायाची नीती झाली तेव्हा कोणी हूं की चूं केले नाही, याची मला मौज वाटते.

आता उपदेशाकडे. ५:६ वरचा मराठी उपदेश साधारण कसा जातो? पाळक प्रथम भूक म्हणजे काय ते सांगतात, दुष्काळातली एखादी आठवण येते. मग 'नीतिमत्त्व' या शब्दापाशी आल्यावर वाक्ये बदलतात. दारू, तंबाखू, खोटी साक्ष, उपासनेला उशिरा येणे, तरुणांचे मोबाइल. आपण या गोष्टी सोडण्याची भूक धरली पाहिजे. यातले काहीच चूक नाही, आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरात हा उपदेश किती मोलाचा असतो हे मी जवळून पाहिले आहे. पण या ऐकण्यात भुकेला माणूस आपोआप दोषी होतो. त्याला जे मिळालेले नाही ते त्याच्यातच कमी असल्यामुळे मिळालेले नाही. 'न्यायाचा भुकेला' म्हटले असते तर पहिला प्रश्न वेगळा आला असता: याचे कोणी काय काढून घेतले?

५:१० मध्ये तर शब्द अडखळतोच. तिथे याच गोष्टीसाठी छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. नीतीने वागणाऱ्याची लोक टिंगल करतील, त्याला वाळीत टाकतील, हे खरे. पण व्यसन न करणाऱ्या, वेळेवर कामावर जाणाऱ्या माणसाचा छळ करायला सत्ता सहसा धावून येत नाही. सत्ता धावते ती न्याय मागणाऱ्यावर. मराठी उपदेशक या वचनावर आले की बहुधा पहिल्या शतकातल्या रोमकडे जातात, सिंह आणि रिंगण. गावच्या चावडीकडे येत नाहीत. शब्दच त्यांना तिकडे नेत नाही.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) घ्या. मालक उशिरा आलेल्या मजुरांना मजुरीचा आकडा सांगत नाही; जे 'दिकायोन' असेल ते देईन म्हणतो. आपल्याच शब्दाचे हे सख्खे भावंड, आणि इथे ते रोजगाराविषयी आहे. मराठीत तिथे 'योग्य' आले. अर्थ बरोबर आहे. पण नाशिक-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीला जाणाऱ्या बाईला, देवाच्या राज्याचा शब्द आणि आपल्या हजेरीचा शब्द एकच आहे, हे कळण्याची संधी गेली.

पौलाच्या पत्रांत अडचण उलट बाजूने येते. रोमकरांस पत्रात विश्वासाने 'नीतिमान ठरणे' हा सगळ्या विवेचनाचा कणा आहे. मूळ प्रतिमा न्यायालयाची: आरोपी उभा आहे आणि निकाल त्याच्या बाजूने लागतो. 'ठरवणे' हे क्रियापद मराठी भाषांतरकारांनी फार नेमके निवडले, त्यात निकालाचा ध्वनी आहे. पण 'नीतिमान' जोडल्यावर श्रोता गोंधळतो. जो नीतीने वागलाच नाही त्याला नीतिमान ठरवणे म्हणजे खोटे सर्टिफिकेट देणे नव्हे का? हा प्रश्न मला लहानपणी पडला होता आणि तो पडणारी मुले आजही भेटतात. इथे पाळकांची हुशारी दिसते. ते हटकून एक न्यायाधीश आणतात, एक आरोपी, एक जामीन राहणारा मित्र, आणि गोष्ट सांगतात. म्हणजे भाषांतराने घालवलेला 'न्याय' ते गोष्टीच्या रूपाने मागच्या दाराने आत घेतात. उपदेशक भाषांतराचा नुसता गुलाम नसतो, कधी कधी तो त्याची डागडुजीही करतो. फक्त ही डागडुजी रोमकरांसच्या पत्रापुरती होते. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत ती पोहोचलेली मी क्वचितच ऐकली.

हा प्रकार एकाच शब्दाचा नाही. 'पश्चात्ताप' पाहा. ग्रीक 'मेतानोइया' म्हणजे मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे. लॅटिन बायबलमुळे पश्चिम युरोपात त्याचा अर्थ प्रायश्चित्त करणे असा झाला होता. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला, त्याच्या टीपांतून हा फरक विद्वानांच्या नजरेत भरला. आणि ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या पंचाण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा या शब्दावर होता. एका शब्दाच्या अर्थावरून युरोप हलला असे म्हणणे फार ढोबळ होईल, पण तो शब्द त्या घडामोडीच्या उंबरठ्यावर आहे. मराठीत आपण घेतला 'पश्चात्ताप': मागाहून होणारा ताप. सुंदर शब्द आहे, संतांच्या 'अनुतापा'चा भाऊ. पण त्यात मान मागे वळलेली आहे. 'मेतानोइया'त ती पुढे वळते. आपल्याकडच्या संजीवन सभांत रडणे हे पश्चात्तापाचे माप का होऊन बसले, याचे निदान अर्धे उत्तर या शब्दात असावे.

'तारण'ची गत काळाने केली. तारणारा, तारू, भवसागर या सगळ्या प्रतिमा वारकरी कानाला घरच्या. पण आज शहरातल्या पोराला 'तारण' म्हणताच सोने ठेवून घेतलेले कर्ज आठवते. 'तुझे तारण झाले आहे का' या प्रश्नाला बँकेत वेगळे उत्तर द्यावे लागेल.

उलट काही ठिकाणी मराठीने मुळापेक्षाही जवळचे काही दिले. 'मंडळी' हा शब्द असा. ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमलेली सभा. इंग्रजीत टिंडलने १५२६ मध्ये 'चर्च'ऐवजी सभेच्या अर्थाचा शब्द घातला तेव्हा थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला होता. मराठीत तो वाद न होताच इमारतीऐवजी माणसांचा शब्द आला. जेवायला बसलेली ती मंडळी, दिंडीतली ती मंडळी. (जुन्या पद्धतीचे गृहस्थ पत्नीलाही 'आमची मंडळी' म्हणत, इफिसकरांस पत्रात मंडळीला ख्रिस्ताच्या वधूची उपमा आहे, आणि हा योगायोग आजवर एकाही उपदेशकाने वापरलेला मी ऐकला नाही.) कॅथलिकांची 'ख्रिस्तसभा' अधिक भारदस्त आहे, पण घरगुती नाही.

आणि काना गावच्या लग्नात येशू आईला जे संबोधन वापरतो ते घ्या. इंग्रजीत 'वूमन' म्हटल्यावर तो उद्धट वाटतो, आणि इंग्रज उपदेशकांना तो उद्धट कसा नव्हता हे समजावण्यात उपदेशाचा बराच भाग घालवावा लागतो. मराठी आवृत्तीत 'बाई' आहे. कितीतरी मराठी घरांत आईला 'बाई'च म्हणत. मराठी पाळकाला इथे काहीच समजवावे लागत नाही. तीच गोष्ट 'येशू म्हणाला' या एकवचनाची. ग्रीकमध्ये आदरार्थी बहुवचन नाही, आणि मराठीत देवाला अरे-तुरे करण्याची परंपरा असल्यामुळे ते खटकले नाही. अलीकडे काही उपदेशक वाचताना 'म्हणाला' वाचतात आणि समजावताना 'प्रभू म्हणाले' म्हणतात. या छोट्या बदलात येशू मित्राचा साहेब होतो की काय, अशी मला शंका येते.

भाषांतराची भाषा कोणती असावी यावर मराठी ख्रिस्ती साहित्यात दोन टोके आहेत. एका टोकाला १६१६ मध्ये गोव्यात छापलेले थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हणायला स्टीफन्स कचरला नाही. त्याच टोकाला तीनशे वर्षांनंतर नारायण वामन टिळक उभे आहेत, अभंगाच्या भाषेत ख्रिस्ताला भेटणारे. दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, पुराणे मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटले ती. तिने हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला सबंध बायबल एकटीच्या बळावर मराठीत आणले. तिथल्या छापखान्यात मुक्ती मिशनमधल्या स्त्रियाच काम करीत. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर पडले. संस्कृताचा एवढा अधिकार असलेल्या बाईने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढावेत, कारण ते आपल्याबरोबर वेदान्त आणि पुराणे घेऊन येतात आणि अडाणी बाईला कळत नाहीत, ही मराठी भाषांतराच्या इतिहासातली सर्वांत धाडसी भूमिका आहे असे मी मानतो. टिळकांनी दार उघडले, रमाबाईंनी उंबरठा काढून टाकला.

पण मंडळ्यांत टिकली ती बायबल सोसायटीची आवृत्ती. रमाबाईंचे भाषांतर बहुतेक पुलपिटांवर पोहोचलेच नाही. कारण साधे आहे: पाठांतर. वचने एकदा जिभेवर बसली की दुसरा शब्द चुकीचा वाटू लागतो, मग तो अधिक बरोबर का असेना. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सांध्यावर जेरोमने योनाच्या पुस्तकातल्या झाडाचे नाव बदलले, भोपळ्याच्या वेलाऐवजी आयव्ही, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या ओया गावच्या चर्चमध्ये दंगल व्हायची वेळ आली होती. ऑगस्टीनने जेरोमला पत्रातून ते कळवले आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत नव्या भाषांतराने यशया ७:१४ मधल्या 'व्हर्जिन'च्या जागी 'तरुण स्त्री' घातले, तर एका पाळकाने ते पानच जाळले. मराठीत 'कुमारी' असल्यामुळे दोन्ही पक्ष त्यावर आरामात बसतात.

कॅथलिक मराठीची वाट वेगळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये होती, त्यामुळे पाठांतराचे ओझे त्यांच्यावर कमी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मागे हे मोकळेपण आहे. वसईच्या या लेखकाने बायबल हे मराठी साहित्याचे पुस्तक म्हणून लिहिले, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले तेव्हा त्या भूमिकेवर मोहोर उमटली. चर्चबाहेरच्या वाचकाला आज देण्यासारखे पुस्तक ते आहे. उपासनेत दोन ओळी मोठ्याने वाचायच्या तर मात्र माझा हात जुन्या प्रतीकडे जातो. सुबोधतेसाठी लय द्यावी लागते.

आता मूळ मुद्द्याकडे, कारण त्यात जे पणाला लागले आहे ते भाषेपुरते नाही. नगर, जालना, औरंगाबाद भागातल्या जुन्या मंडळ्या मोठ्या प्रमाणात महार आणि मांग समाजांतून आल्या. डॉ. आंबेडकरांनी या धर्मांतरितांच्या स्थितीवर इंग्रजीत एक प्रकरण लिहून ठेवले. त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते आहे. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: हिंदू असताना या माणसाला आपली दैना पूर्वकर्मामुळे आहे असे सांगितले गेले, ख्रिस्ती झाल्यावर ती आदिपुरुषाच्या पापामुळे आहे असे, दोन्हीकडे समाजव्यवस्था सुटली. ख्रिस्ती वाचकाला हे झोंबते. मलाही झोंबले. पण हा आक्षेप येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाला लागू होतो की त्याच्या मराठी उपदेशाला? माझे उत्तर दुसरे. आमोससारख्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत 'न्याय' मराठीतही शाबूत आहे, तिथे तो 'त्सेदाका'च्या जोडीने येतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात आमोसचीच प्रतिमा उचलली. नव्या करारात मात्र ही जोडी मराठी कानाला तुटलेली ऐकू येते: संदेष्टे न्याय मागतात आणि येशू चांगले वागा म्हणतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. या प्रश्नावर सभा होतात, निवेदने दिली जातात, आणि त्यांच्यात शब्द असतो 'न्याय'. त्याच माणसांच्या रविवारच्या उपदेशात तो नसतो. १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली, दलित ख्रिस्ती विचाराची सुरुवात अनेकजण तिथून धरतात. ती चर्चा इंग्रजीत वाढली. इंग्रजीतून मराठी पुलपिटावर यायला तिला ज्या वचनाचा पूल हवा होता, त्या वचनात शब्दच दुसरा होता.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप वजनदार आहे. मराठीत 'न्याय करणे' म्हणजे निवाडा करणे, आणि ख्रिस्ती मराठीत 'न्यायाचा दिवस' म्हणजे शेवटचा दिवस. 'न्याय' असा निवाड्याच्या कामी लागल्यावर 'दिकायोसीने'साठी तोच पुन्हा वापरला तर लोक धाकाची भूक कशी धरतील? शिवाय एका ग्रीक शब्दाला शक्यतो एकच मराठी शब्द, हा भाषांतरकारांचा नियम. पौलाच्या पत्रांत सगळीकडे 'न्याय' घातला तर कितीतरी वाक्ये मोडतात. हे खरे आहे, आणि म्हणून मी शब्द बदला असे म्हणत नाही. पण मराठी माणूस 'देवाघरी न्याय आहे' असे म्हणतो तेव्हा त्यात धाकापेक्षा धीर जास्त असतो. भगिनी मंडळाच्या प्रार्थनासभेत मी म्हाताऱ्या बायकांकडून हे वाक्य पुष्कळ वेळा ऐकले आहे, जमिनीच्या तंट्यावर, सुनेच्या मृत्यूवर, पोराच्या गेलेल्या नोकरीवर. 'देवाघरी नीतिमत्त्व आहे' असे त्यांतल्या एकीनेही कधी म्हटले नाही.

शिवाय एका शब्दाला एकच शब्द हा नियम रूढ आवृत्तीने मत्तय ६:१ मध्ये स्वतःच मोडलेला आहे. तेव्हा पुढच्या आवृत्तीत, शब्द आहे तोच ठेवून, ५:६ आणि ५:१० या दोन ठिकाणी तळटीप द्यायला हरकत नसावी. 'किंवा, न्याय' एवढे दोन शब्द पुरतील. छापखान्याच्या हिशेबाने पानही वाढणार नाही.